आजीला सोळावे, नातीला अकरावे: पाळीचे वय ठरते कशावर?

जत तालुक्यातल्या साठी-सत्तरीच्या बायकांना पहिली पाळी कोणत्या वयात आली असे विचारले, तर बहुधा आकडा मिळत नाही, खूण मिळते. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडायला जात होतो त्याच्या दुसऱ्या वर्षी, किंवा लग्न होऊन सासरी आल्यावर दोन दिवाळ्या झाल्या तेव्हा. जन्मतारीखच अंदाजाने लावलेली, त्यामुळे हिशेब मांडावा लागतो. तो मांडला की उत्तर पंधरा-सोळाच्या आसपास जाते. त्याच घरातली नात मात्र सहावीत असतानाच ‘मोठी’ झालेली असते. उमदी, संख भागातल्या कानडी बोलणाऱ्या घरांतही शब्द तोच, मोठी होणे. मग आजी म्हणते, काळ बदलला. आई म्हणते, हे सगळे इंजेक्शनच्या कोंबड्यांमुळे. शेजारीण टीव्ही आणि मोबाइलला दोष देते.

यातले काही अगदीच चूक नाही आणि काही पुरते बरोबरही नाही. मुलगी कधी वयात येते हे केवळ तिच्या शरीराचे किंवा आईकडून आलेल्या वारशाचे काम नसते. तिच्या ताटात काय पडते, ती दिवसभरात किती राबते, लहानपणी किती वेळा आजारी पडते, पाठीला किती भावंडे आहेत, घरात स्वस्थता आहे की नाही, या साऱ्याची नोंद शरीर ठेवत असते. गावाचे अर्थकारण मुलीच्या शरीरात असे उमटते. जतसारखा तालुका या गोष्टीकडे पाहायला फार सोयीचा आहे, कारण तिथे दोन पिढ्यांत बरेच काही बदलले आणि बरेच काही तसेच राहिले.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथून ठरावीक ठेक्याने एक संप्रेरक सुटू लागले की पिट्युटरी ग्रंथी जागी होते, ती अंडाशयांना उठवते आणि अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवू लागते. हे यंत्र जन्मापासून तयार असते. गर्भात आणि जन्मानंतर काही महिने ते चालूही असते, मग बालपणभर त्याला दाबून ठेवलेले असते. हा दाब उठवणाऱ्या घटकांपैकी किसपेप्टिन हा महत्त्वाचा. त्याचे जनुक १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी या गावी सापडले. हे गाव ‘किसेस’ नावाच्या चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे, आणि जनुकाला नाव त्यावरूनच मिळाले. तेव्हा कर्करोगावर संशोधन चालले होते. याच रेणूचा वयात येण्याशी संबंध आहे हे कळायला २००३ साल उजाडले.

पण किसपेप्टिनला इशारा कोण देते? त्यातला एक इशारा चरबीकडून येतो. शरीरातल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात. त्याचा शोध १९९४ चा. लेप्टिन मेंदूला एवढेच कळवते की कोठारात धान्य आहे. ज्या मुलांमध्ये जन्मतः लेप्टिन तयारच होत नाही ती कमालीची लठ्ठ होतात, पण वयात येत नाहीत. उपचार म्हणून लेप्टिन दिले की योग्य वयाला पौगंडावस्था सुरू होते. म्हणजे लेप्टिन बटण दाबत नाही, परवानगी देते. निसर्गाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. गर्भारपण आणि अंगावर पाजणे हे शरीराला फार महागात पडणारे काम. शिल्लक नसताना त्याची तयारी कशाला करायची? रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल या अमेरिकी संशोधकांनी १९७० मध्ये तर असे मांडले होते की सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलो वजन झाले की पाळी येते, वय काही का असेना. तो आकडा पुढे टिकला नाही. माणसाचे शरीर एवढे सरळ नसते, आणि पस्तीस-अडतीस किलोच्या कितीतरी मुलींना आपल्याकडे पाळी येते. शिलकीची कल्पना मात्र टिकली.

आता हा जमाखर्च जतच्या मातीवर मांडून पाहा. क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा तालुका आणि पावसाच्या बाबतीत सर्वांत दुर्दैवी तालुक्यांपैकी एक. त्याच जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरज हे कृष्णा-वारणेच्या पाण्यावरचे, उसाचे तालुके आहेत. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ कोरडे. जतमध्ये ज्वारी, बाजरी, मेंढरे आणि टँकर यांवर पिढ्या गेल्या. मुलगी आठ वर्षांची झाली की तिच्या डोक्यावर घागर येई, कडेवर धाकटे भावंड येई. दिवाळी सरली की अनेक घरे ऊसतोडीला निघत, आजही निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आई-बाप एका कोयत्यात जातात, आणि थोरली मुलगी एकतर फडाशेजारच्या कोपीवर भावंडे सांभाळते, स्वयंपाक करते, नाहीतर गावाकडे आजीजवळ राहून घर चालवते. खाणे बेताचे, राबणे भरपूर, त्यात जुलाब, जंत, हिवताप. जमेपेक्षा खर्च मोठा. अशा शरीरात पाळी उशिरा येते, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. भावंडांची संख्या वाढली की पाळीचे वय थोडे पुढे जाते, हेही युरोपातल्या जुन्या नोंदींतून दिसते. आणि कष्टाचा परिणाम तर भरल्या घरच्या मुलींमध्येही दिसतो. लहानपणापासून कडक सराव करणाऱ्या जिम्नॅस्ट आणि बॅले नर्तिकांना पाळी उशिरा येते. जतच्या मुलीचा सराव घागरीचा होता, एवढाच फरक.

बहात्तरच्या दुष्काळात ज्या मुली दहा-बारा वर्षांच्या होत्या त्यांनी सुकडी आणि आयात केलेल्या लाल मिलोवर दिवस काढले. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीला तोंड देणाऱ्या युरोपी देशांतल्या मुलींची पाळीही अशीच पुढे गेल्याचे नोंदले गेले आहे. शांतता आली, पाव-लोणी परत आले, आणि वय पुन्हा खाली आले. दुष्काळ आणि युद्ध यांत मुलीच्या शरीराला काहीच फरक कळत नाही.

हे सगळे आज सरळ वाटते, पण शे-दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे वेगळेच उत्तर पाठ झालेले होते: हवामान. उष्ण देशात फळ लवकर पिकते तशा मुलीही, अशी समजूत. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी १७४८ मध्ये लिहूनच ठेवले की गरम हवेच्या देशांत मुली आठ-नऊ-दहाव्या वर्षीच लग्नायोग्य होतात. हा गैरसमज इंग्रज अंमलदारांनी उचलला आणि आपल्याकडच्या सनातन्यांनाही तो सोयीचा वाटला. मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात निरनिराळ्या देशांतल्या, त्यात हिंदुस्थानातल्याही, स्त्रियांची वये गोळा करून हवामानाच्या सिद्धांताला आव्हान दिले. पण समजूत हटली नाही. खरे तर आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेतही पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत असा सांगितला आहे. आठ-नऊ वर्षांचा नाही.

हा वाद महाराष्ट्रात पेटला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून. आधीच्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावल्याचे प्रकरण गाजले होते. मुंबईत रखमाबाईंचा खटला त्याआधी गाजून गेला होता. बेहरामजी मलबारी कायद्यासाठी झगडत होते. सरकारने संमतीचे वय दहावरून बारा करायचे ठरवले. विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की पहिल्या ऋतुदर्शनानंतर लगेच गर्भाधान संस्कार झाला पाहिजे. मुलीला बाराच्या आत पाळी आली तर कायदा धर्माच्या आड येईल. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून सरकारच्या हस्तक्षेपाला कडाडून विरोध केला. आगरकर ‘सुधारका’तून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथच उघडून दाखवले की पहिल्याच ऋतूला संस्कार झाला पाहिजे असे बंधन त्यांत नाही. या साऱ्या गदारोळात खरा प्रश्न एकच होता: बाराच्या आत पाळी येणाऱ्या मुली किती? म्हणजे शरीरशास्त्रातला एक आकडा थेट कायद्याच्या कलमात जाऊन बसला होता. देशातल्या पन्नासहून अधिक महिला डॉक्टरांनी तर बालवधूंवरच्या जखमांचे दाखले देऊन संमतिवय चौदा करा अशी मागणी सरकारकडे केली होती. ती मानली गेली नाही, बारावर तडजोड झाली. पाळी आली म्हणजे शरीर बाळंतपणाला तयार झाले, हे गृहीतक कायद्याने तेव्हाही मोडले नाही. जतच्या वाड्या-वस्त्यांवर ते आजही कानी पडते.

ते खोटे आहे. पाळी हा पौगंडावस्थेचा शेवटाकडचा टप्पा असला तरी वाढ तिथे संपत नाही. छातीला उभार येऊ लागल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते, आणि उंची झपाट्याने वाढण्याचा काळ तिच्या आधी वर्षभर असतो. पाळीनंतरही उंची पाच-सात सेंटीमीटर वाढते आणि ओटीपोटाची हाडे रुंदावत राहतात. पहिली दोन वर्षे तर पुष्कळदा पाळी अनियमित असते, कारण दर महिन्याला बीज सुटतेच असे नाही. बारा वर्षांची मुलगी ‘वयात आली’ असली तरी तिचे शरीर अर्धे बांधकाम झालेले घर असते.

पाळीचे वय खाली येऊ लागले ते प्रथम युरोपात नोंदले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नॉर्वेसारख्या देशात ते सोळा-सतराच्या घरात होते, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेराच्या आसपास आले. मुलांच्या वाढीचे शास्त्र उभे करणारे ब्रिटिश डॉक्टर जेम्स टॅनर यांनी हा आलेख प्रसिद्ध केला. जुने आकडे प्रसूतिगृहांत आलेल्या गरीब बायकांचे असल्याने घसरण जरा फुगलेली दिसते, अशी शंका नंतर घेतली गेली, आणि ती रास्त आहे. तरी घसरण खरी होती, आणि पोषण व स्वच्छता सुधारून झाल्यावर ती थांबलीही. नॉर्वेत ती थांबल्याचे १९७३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून देणाऱ्या दोघांपैकी एक होत्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड. त्याच पुढे नॉर्वेच्या पंतप्रधान आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक झाल्या. दक्षिण कोरियाने हाच प्रवास धावत केला. १९२० च्या दशकात जन्मलेल्या बायकांना पाळी सतराव्या वर्षाच्या जवळपास आली होती, साठ वर्षांनी जन्मलेल्यांना तेराच्या आसपास.

भारताचे काय? देशभरच्या मानव विकास सर्वेक्षणातल्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात १९५५ ते १९६४ दरम्यान जन्मलेल्या स्त्रियांचे सरासरी वय १३.८३ वर्षे आणि १९८५ ते १९८९ मध्ये जन्मलेल्यांचे १३.६२ वर्षे निघाले. म्हणजे दहा वर्षांत साधारण एक महिना. हा आकडा वाचून आजीच्या ‘काळ बदलला’वर कुणी हसेल. पण सरासरीत हजारो तऱ्हेची घरे एकत्र ओतलेली असतात. ज्या घराचे दिवस एका पिढीत पालटले तिथे उडी मोठी असते. जिथे पालटले नाहीत तिथे वय जागचे हलत नाही. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतल्या मुलींना पाळी सरासरी साडेबाराच्या आसपास येते, खेड्यातल्या गरीब मुलींना त्याहून उशिरा. हा फरक देशाच्या अनेक भागांत दिसला आहे. शिवाय आठवणीतून काढलेले वय फसवे असते. आजीचे सोळावे कदाचित पंधरावेही असेल.

इथपर्यंतची गोष्ट आनंदाची वाटते. खायला मिळाले, काबाडकष्ट कमी झाले, पाळी थोडी अलीकडे आली. बिघडले कुठे? याचे उत्तर स्वीडनमध्ये सापडले. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलींची पाळी मध्यमानाने ११.६ व्या वर्षी आली होती. स्वीडिश मुलींची तेव्हा तेराव्या वर्षी येत होती, आणि भारतातल्या खात्यापित्या घरच्या मुलींचीही या दत्तक मुलींहून उशिराच. एकीला तर सातव्या वर्षी आली. दत्तक जाताना ज्या जास्त खुरटलेल्या होत्या आणि तिथे पोहोचल्यावर ज्यांची वाढ फार वेगाने भरून निघाली, त्यांची पाळी सर्वांत लवकर. उंची मात्र त्या मानाने वाढली नाही, कारण पाळी लवकर आली की हाडांची टोके लवकर मिटतात. थोडक्यात, शरीर केवळ भरल्या ताटाला उत्तर देत नाही. रिकाम्या ताटावरून भरल्या ताटावर ते किती झटक्यात आले, यालाही देते.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून चालवलेल्या अभ्यासाने या कोड्याचा दुसरा तुकडा दिला. त्या खेड्यांतली बाळे जन्मतः सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकवलेली होती. बारीक दिसणारी, तरी आतून चरबी राखणारी ही बाळे आईच्या कुपोषणाचा वारसा घेऊनच येतात. गर्भात टंचाई आणि पुढे अचानक मुबलकता, ही जोडी शरीराला गोंधळात टाकते.

जतमध्ये आज नेमके तेच चालू आहे. म्हैसाळ योजनेचे पाणी काही भागांत पोहोचले, डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या, रेशनचा गहू-तांदूळ घराघरात आला. बाजरीची भाकरी मागे पडली. नळ आले तिथे घागर उतरली, शाळेला जायला एसटी किंवा सायकल आली. हे सगळे चांगलेच झाले. पण त्याच गावच्या टपरीवर पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे, बिस्किटे आणि रंगीत पेये टांगलेली असतात. प्रथिने वाढली नाहीत, साखर आणि तेल वाढले. डाळ अजून पातळच आहे. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची पस्तीस टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, आणि पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. म्हणजे पाळी अलीकडे येते आहे, पण ती पोसायला लागणारे रक्त अजून अंगात नाही. एकाच वर्गात एका बाकावर डाळिंबवाल्याची गुटगुटीत मुलगी आणि ऊसतोडीला जाणाऱ्याची काटकुळी मुलगी बसते. पहिलीची पाळी अकराव्या वर्षी येऊ शकते, दुसरीची चौदाव्या. दोघींचा प्रश्न वेगळा आहे आणि घरचे दोन्हींबद्दल चिंता करतात, बहुतेकदा चुकीच्या कारणासाठी.

पाश्चात्य देशांत तर ही गणिते उलटली आहेत. तिथे गरीब घरांतल्या मुली लवकर वयात येतात. अमेरिकेत १९९७ मध्ये सतरा हजार मुलींची पाहणी झाली. त्यात छातीचा उभार दिसू लागण्याचे सरासरी वय गोऱ्या मुलींत ९.९६ आणि कृष्णवर्णीय मुलींत ८.८७ वर्षे निघाले. तिथे स्वस्त अन्न म्हणजे चरबी आणि साखर, त्यामुळे गरिबी आणि लठ्ठपणा हातात हात घालून चालतात. शिवाय घरातली भांडणे, वडिलांचे नसणे, असुरक्षितता यांचाही पाळी अलीकडे येण्याशी संबंध दिसतो, असे मानसशास्त्राचे अभ्यासक १९९० च्या दशकापासून मांडत आहेत. धोक्याच्या वातावरणात शरीर घाई करते, असे त्यांचे म्हणणे. पोट भरलेले असेल तरच ही घाई शक्य होते, हे मात्र विसरता कामा नये. भुकेल्या घरात भूकच निर्णय घेते. डेन्मार्कमध्ये १९९१ ते २००६ या पंधरा वर्षांत छातीच्या उभाराचे वय वर्षभराने खाली आले, पाळीचे मात्र जेमतेम तीन-चार महिन्यांनी. म्हणजे पौगंडावस्था नुसती लवकर येत नाही, ती लांबतेही.

कोरोनाच्या टाळेबंदीत याची झलक पुण्यातही दिसली. जहांगीर रुग्णालयाच्या बालसंप्रेरक विभागात अकाली वयात येणाऱ्या मुलींचे प्रमाण टाळेबंदीच्या काळात आधीच्या तिपटीहून अधिक झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये नोंदवले. इटलीतून तसेच अहवाल आधी आले होते. खेळ बंद, पडदा चालू, वजन वाढले, झोप बिघडली, घरात ताण. आणि घरी बसलेल्या पालकांचे मुलीकडे लक्ष गेले, हेही एक कारण असणारच.

राहिला कोंबडीचा प्रश्न. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत वाढते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. तिला संप्रेरकांची इंजेक्शने देणे पोल्ट्रीवाल्याला परवडणारही नाही. दुधासाठी जनावराला टोचले जाणारे ऑक्सिटोसिन जनावराच्या दृष्टीने क्रूर आहे आणि बेकायदा आहे, पण ते प्रथिनाच्या जातीचे असल्याने पोटात पचून जाते. पाळीशी त्याचा संबंध नाही. गूळ, तीळ, अंडी ‘उष्ण’ म्हणून मुलीच्या ताटातून काढणाऱ्या घरांनी तर तिच्या तोंडचे लोह आणि प्रथिनच पळवलेले असते. प्लॅस्टिकमधल्या काही रसायनांवर संशय आहे, पण पुरावे उलटसुलट आहेत.

पाळी केव्हा येते याला जतमध्ये एवढे महत्त्व का, तर तिच्यापाठोपाठ येणाऱ्या गोष्टींमुळे. ‘पदर आला’ की शाळेच्या वाटेवर नजर ठेवली जाते, वरच्या वर्गाची शाळा दुसऱ्या गावात असेल तर नाव काढले जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या बापाला तर दुहेरी घोर असतो. तरुण मुलीला कोपीवर न्यावे तर भीती, गावात ठेवावे तर भीती. लग्न हा त्याला सुटकेचा मार्ग वाटतो. शिवाय फडावर कोयता जोडप्याचा लागतो, हेही त्यात आहेच. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर पाच विवाहितांमागे नव्हे, तर या वयाच्या दर पाच स्त्रियांमागे एकीहून थोड्या अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते, असे तीच पाहणी सांगते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते. बांगलादेशातल्या खेड्यांच्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवले की पाळी उशिरा आल्यामुळे लग्न जेवढे लांबते, तेवढी मुलगी अधिक शिकते. शाळेत किती वर्षे मिळणार हे संप्रेरकांवर ठरावे, ही तिथली गोष्ट; पण जतच्या कुठल्याही मुख्याध्यापिकेला ती ओळखीची वाटेल. पाळी अलीकडे सरकत असताना लग्नाचा निर्णय तिलाच बांधलेला राहिला, तर बालपणाला दोन्हीकडून कात्री लागते.

शाळेचे वेळापत्रकही जुन्या वयावर बेतलेले आहे. मासिक पाळीचे चक्र राज्य मंडळाच्या पुस्तकात सविस्तर येते ते दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये. तोवर वर्गातल्या बहुतेक मुलींची पाळी सुरू झालेली असते. आठवड्याची लोहाची निळी गोळी शाळेत सहावीपासून मिळते, पण ती खाल्ली जाते की दप्तरात राहते हे पाहणारी बाई त्या दिवशी हजर असावी लागते. ज्या मुली दिवाळीनंतर फडावर गेल्या त्यांची गोळी शाळेतच राहते. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे दहा ते एकोणीस वयाच्या मुलींची यादी असते. फडावर गेलेल्या मुलीचे नाव जिथे तोड चालू आहे तिथल्या यादीत चढवणे, एवढे काम झाले तरी पुष्कळ साधेल. चौथी-पाचवीतच बाईंनी किंवा आईने पाळीबद्दल सांगितले, तर अकराव्या वर्षी शाळेच्या संडासात रक्त पाहून मरणाची भीती वाटणारी मुलगी राहणार नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचे, याच्या खुणा साध्या आहेत. आठ वर्षांच्या आत छातीला उभार दिसला किंवा उंची एकाएकी भराभर वाढू लागली, तर थांबू नये. तेरा पूर्ण होऊनही उभार नाही, किंवा पंधरा उलटूनही पाळी नाही, तरीही दाखवावे. अशा उशिरामागे नुसते कुपोषण असू शकते, तसेच थायरॉईडचा किंवा अंडाशयाचा आजारही असू शकतो. आठ ते दहाच्या दरम्यान सुरू झालेल्या बऱ्याच मुलींना औषध लागत नाही, काही महिने उंची-वजनाची नोंद ठेवणे पुरते. फार लवकर आणि वेगाने पुढे जाणाऱ्या पौगंडावस्थेवर महिन्या-तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शने असतात, ती महागडी आहेत आणि प्रत्येकीसाठी नाहीत. पहिली तपासणी डाव्या मनगटाच्या एक्स-रेची असते. हाडांचे वय मुलीच्या वयाच्या किती पुढे किंवा मागे आहे ते त्यातून कळते. एक्स-रे तालुक्यालाही निघतो, पण तो वाचणारे तज्ज्ञ सांगली-मिरजेला, म्हणजे जतहून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. जाताना शाळेतली उंची-वजनाची जुनी नोंद, आईची पाळी कोणत्या वर्षी सुरू झाली तो अंदाज, आणि मुलीची पाळी सुरू झाली असल्यास कॅलेंडरवर खूण केलेल्या तारखा, एवढे जवळ असले की तपासणाऱ्याचे निम्मे काम होते.